पक्ष्यांच्या याद्या आणि जागेची वहिवाट
न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील वसंतकालीन पक्षिनिरीक्षणाचा इतिहास

मराठी दफ्तरांशी ज्याचा परिचय आहे अशा अभ्यासकाला वहिवाट आणि महजर या दोन संज्ञांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. एखाद्या जमिनीवर, पाण्यावर वा मानपानावर हक्क सांगावयाचा झाला, तर वादी आपली पिढीजात वहिवाट पुढे करी. गोतसभा साक्षी घेई, आणि ठरलेली गोष्ट महजरात नमूद होई. सारांश, दीर्घकालीन वापर आणि त्याची विश्वसनीय नोंद या दोहोंच्या संयोगातून हक्क सिद्ध होत असे. हीच प्रक्रिया अगदी निराळ्या भूमीवर, निराळ्या काळात आणि वरवर पाहता क्षुल्लक वाटणाऱ्या एका छंदाच्या बाबतीत कशी घडून आली, आणि ती कोणासाठी घडली व कोणासाठी घडली नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. भूमी आहे न्यू यॉर्क नगरीतील सेंट्रल पार्क हे उद्यान, आणि छंद आहे वसंत ऋतूत तेथे उतरणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांच्या निरीक्षणाचा.

१. उद्यानाची निर्मिती

सेंट्रल पार्क हे निसर्गाचे अवशिष्ट रान आहे, असा समज ते प्रथम पाहणाऱ्याचा सहज होतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. १८५३ मध्ये न्यू यॉर्क राज्याच्या विधिमंडळाने मॅनहॅटन बेटाच्या मध्यभागी उद्यानासाठी भूमिसंपादन करण्यास अनुमती दिली. १८५८ मध्ये उद्यानाच्या आराखड्यासाठी झालेल्या स्पर्धेत फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या दोघांची योजना पसंत करण्यात आली. आज ८४३ एकर विस्ताराचे हे उद्यान जवळजवळ सर्वस्वी मानवनिर्मित आहे. दलदलींतून तळी खोदण्यात आली, खडक सुरुंगांनी फोडण्यात आले, माती बाहेरून आणून पसरण्यात आली आणि झाडेझुडपे लाखांच्या संख्येने लावण्यात आली.

या रचनेतील ‘रॅम्बल’ नामक भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने केंद्रस्थानी आहे. त्र्याहत्तराव्या आणि एकोणऐंशीव्या रस्त्यांच्या दरम्यान, तळ्याच्या उत्तरेस असलेला हा भाग चाळीस एकरांहून काहीसा कमी आहे. वळणावळणाच्या पाऊलवाटा, उंचसखल खडक, दाट झाडी आणि त्यांतून वाहणारा एक लहानसा ओढा असे याचे स्वरूप आहे. नगरवासी मनुष्याला क्षणभर वाट चुकल्याचा आनंद मिळावा, या हेतूने ही रानासारखी बाग रचण्यात आली. तो ओढादेखील नळाच्या पाण्यावर वाहतो. पक्ष्यांना आश्रय मिळावा हा या रचनेमागील मुख्य हेतू नव्हता, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवली पाहिजे.

तितकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट अशी की, ही भूमी निर्जन नव्हती. उद्यानाच्या पश्चिम बाजूस, ब्याऐंशीव्या ते एकोणनव्वदाव्या रस्त्यांच्या दरम्यान, म्हणजे आजच्या रॅम्बलच्या वायव्येस, ‘सेनेका व्हिलेज’ नावाची वस्ती होती. १८२५ पासून कृष्णवर्णीय नागरिकांनी तेथे जमिनी विकत घेण्यास प्रारंभ केला. १८५० नंतरच्या काळात तेथे सव्वादोनशेच्या आसपास रहिवासी, तीन प्रार्थनामंदिरे आणि एक शाळा होती. जमिनीच्या मालकीला या लोकांच्या दृष्टीने केवळ आर्थिक मोल नव्हते. त्या काळच्या न्यू यॉर्क राज्याच्या कायद्यान्वये कृष्णवर्णीय पुरुषास मतदानासाठी २५० डॉलर किमतीची स्थावर मालमत्ता असणे आवश्यक होते. गौरवर्णीयांवर अशी अट राहिलेली नव्हती. म्हणजे येथील जमिनीचा तुकडा हा नागरिकत्वाचाही आधार होता. १८५७ पर्यंत ही वस्ती उठविण्यात आली. मोबदला देण्यात आला खरा. पण रहिवाशांपाशी रीतसर खरेदीखते असूनही तत्कालीन वृत्तपत्रांनी त्यांची संभावना बहुधा अनधिकृत झोपडीवाले अशीच केली. ही वस्ती पुढे इतकी विस्मरणात गेली की, विसाव्या शतकाच्या अखेरीस इतिहासकारांनी तिचा पुन्हा शोध घ्यावा लागला आणि २०११ मध्ये तेथे पुरातत्त्वीय उत्खनन झाले.

२. वसंतातील अवतरण

आपल्याकडे वसंत ऋतू आणि पक्ष्यांचे स्थलांतर यांचा संबंध निरोपाचा आहे. हिवाळ्यात आलेले धोबी, बदके, चिखले पक्षी आणि भोरड्यांचे थवे फाल्गुन-चैत्रात उत्तरेची वाट धरतात. न्यू यॉर्क नगरीत हाच संबंध आगमनाचा आहे. मध्य व दक्षिण अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर हिवाळा काढलेले पक्षी एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत उत्तरेकडील अरण्यांत प्रजननार्थ जात असताना अटलांटिक किनाऱ्याच्या मार्गावरील या नगरीवरून जातात. यांतील बहुसंख्य लहान पक्षी रात्री उडतात आणि पहाटे विश्रांतीसाठी व अन्नासाठी खाली उतरतात. दक्षिणेकडील उबदार वारे वाहू लागले की त्यांचा ओघ वाढतो. रात्री पाऊस किंवा उलटा वारा आड आला, तर त्यांना वाटेतच मोठ्या संख्येने उतरावे लागते.

पहाटेच्या प्रकाशात खाली पाहणाऱ्या पक्ष्याला चहूकडे इमारतींचा पसारा आणि त्यामध्ये एकच मोठा हिरवा आयत दिसत असला पाहिजे. परिणामी विस्तीर्ण प्रदेशात विखुरले गेले असते असे पक्षी थोड्याशा जागेत एकवटतात. याच सुमारास ओक वृक्षांना फुलोरा येतो आणि त्यावर बारीक अळ्या असतात. त्या अळ्यांवर उपजीविका करणारे ‘वॉर्बलर’ कुळातील पक्षी हे येथील वसंताचे मुख्य वैभव होय. आपल्याकडील वटवट्यांनाही इंग्रजीत हेच नाव असले, तरी ही दोन कुळे भिन्न आहेत, आणि अमेरिकेतील वॉर्बलर रंगांनी कितीतरी अधिक उठावदार असतात. ब्लॅकबर्नियन वॉर्बलरचा नर धगधगत्या नारिंगी गळ्याचा असतो. ब्लॅकपोल वॉर्बलर हा जेमतेम बारा ग्रॅम वजनाचा पक्षी दक्षिण अमेरिकेतून निघून कॅनडा व अलास्कातील सूचिपर्णी अरण्यांपर्यंत जातो. मेच्या मध्यास एखाद्या अनुकूल सकाळी या कुळातील वीस-वीस जाती एका दिवसात पाहावयास मिळतात. उद्यानात आजवर नोंदल्या गेलेल्या सर्व पक्ष्यांच्या जातींची संख्या २०० च्या बरीच वर आहे.

ही समृद्धी पाहून हे उद्यान पक्ष्यांचे नंदनवन आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो सावधपणे तपासला पाहिजे. पक्ष्यांची येथील दाटी ही काही अंशी सभोवतालच्या अभावाची निदर्शक आहे. दुष्काळात एका विहिरीवर गर्दी जमावी, तसाच हा प्रकार आहे. एका जागेचे वैपुल्य हे शेजारच्या जागेच्या दारिद्र्याचे माप असू शकते, हे तत्त्व इतिहासाच्या साधनांनाही लागू पडते. त्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

३. टोपीवरील पक्षी आणि दुर्बिणीतील पक्षी

एकोणिसाव्या शतकात पक्षिविद्येचे मुख्य साधन बंदूक हे होते. पक्षी मारावा, त्याची कातडी पेंढा भरून जतन करावी आणि मग त्याची जात निश्चित करावी, अशी मान्य पद्धती होती. एलियट कूज यांच्यासारख्या अग्रगण्य अमेरिकन पक्षिविदाने १८७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक ग्रंथात क्षेत्रीय अभ्यासकाच्या साहित्यात दुनळी बंदुकीला अग्रस्थान दिले होते. हीच रीत भारतातही होती. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचा आरंभीचा संग्रह शिकारीतून व नमुन्यांतूनच वाढला, आणि बालपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणीच सलीम अली यांना त्या संस्थेच्या दारी घेऊन गेली, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

तथापि अभ्यासकांच्या बंदुकीपेक्षा कितीतरी अधिक संहार वेषभूषेच्या व्यापाराने होत होता. १८८६ मध्ये फ्रँक चॅपमन या तरुणाने मॅनहॅटनच्या बाजारपेठेतून दोन फेऱ्या मारल्या आणि वाटेत दिसलेल्या स्त्रियांच्या टोप्यांवरील पक्ष्यांची मोजणी केली. एकूण ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे वा पक्षी होते, आणि सुमारे ४० जाती त्याला ओळखता आल्या. त्याची यादी पक्षिनिरीक्षणाच्या इतिहासातील एक विलक्षण दस्तऐवज आहे. तीत सुतारांच्या वर्गातील फ्लिकर २१ होते, स्कार्लेट टॅनेजर ३ होते, ब्लॅकपोल वॉर्बलर ३ आणि ब्लॅकबर्नियन वॉर्बलर १ होता. म्हणजे आज मे महिन्यात रॅम्बलमध्ये ज्यांच्यासाठी माणसे पहाटे मान उंचावून उभी असतात, त्यांपैकी काही जाती त्या काळी तेथून जवळच्याच रस्त्यांवर मेलेल्या स्थितीत मोजल्या गेल्या होत्या. मोजणीची पद्धती मात्र एकच होती. स्थळ, काळ, जाती आणि संख्या लिहून ठेवणे ही पक्षिनिरीक्षकाची शिस्त चॅपमनने झाडांवर जशी पाळली, तशीच बाजारातही पाळली, आणि त्यामुळेच त्याच्या यादीला साक्षीपुराव्याचे मोल आले.

त्याच वर्षी जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी पहिली ऑड्यूबॉन सोसायटी स्थापिली; ती अल्पायुषी ठरली. १८९६ मध्ये मॅसॅच्यूसेट्समध्ये हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोन स्त्रियांनी पिसांच्या टोप्यांवर बहिष्कार घालण्याची चळवळ संघटित केली आणि तिला स्थिर रूप आले. तत्पूर्वी १८८९ मध्ये फ्लॉरेन्स मेरियम यांनी नाटकगृहात वापरावयाच्या लहान दुर्बिणीने पक्षी पाहण्यास शिकविणारे पुस्तक लिहिले होते. यानंतर कायदेही झाले. १९०० चा लेसी कायदा, १९१६ चा ग्रेट ब्रिटनशी कॅनडासंबंधाने झालेला करार आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी केलेला १९१८ चा स्थलांतरी पक्षी कायदा यांनी रानपक्ष्यांचा व्यापार बहुतांशी बंद पाडला. हिंदुस्थान सरकारनेही १९०२ मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली होती. बगळ्यांची पिसे हा येथूनही बाहेर जाणारा माल होता.

४. नोंदीची प्रतिष्ठा

बंदूक खाली ठेवल्यावर एक ज्ञानशास्त्रीय प्रश्न उद्भवला. मारलेला पक्षी हा स्वतःच पुरावा असतो. पाहून सोडून दिलेल्या पक्ष्याचा पुरावा कोणता? येथून पुढे लिखित नोंद आणि नोंद करणाऱ्याची विश्वासार्हता यांना महत्त्व आले. न्यू यॉर्कमध्ये १८७८ पासून लिनियन सोसायटी कार्य करीत होती. उद्यानाच्या पश्चिम कडेस निसर्गेतिहासाचे अमेरिकन संग्रहालय उभे होते आणि चॅपमन १८८८ पासून त्याच्या सेवेत होते. एका बाजूस संग्रहालयातील नमुन्यांचे कपाट आणि समोर रस्त्यापलीकडे जिवंत पक्ष्यांचे रान, अशी ही दुर्मीळ सोय होती.

१९०० च्या नाताळात चॅपमन यांनी पक्षी मारण्याच्या सणासुदीच्या शर्यतींऐवजी पक्षी मोजण्याचा उपक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी २५ ठिकाणी २७ निरीक्षकांनी भाग घेतला, आणि सेंट्रल पार्क हे त्या ठिकाणांपैकी एक होते. पुढील पिढीत लड्लो ग्रिस्कम यांनी जिवंत पक्ष्याची जात क्षेत्रीय लक्षणांवरून बिनचूक ओळखता येते हे आपल्या कठोर उदाहरणाने पटवून दिले. त्यांचा न्यू यॉर्क परिसरातील पक्ष्यांवरील ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२४ मध्ये ब्राँक्स भागातील काही शाळकरी मुलांनी आपला पक्षिमंडळ स्थापन केला. ग्रिस्कम त्यांचे आदर्श होते. या मंडळाशी पुढे संबंध आलेले रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ मध्ये आपले सचित्र मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले आणि तज्ज्ञांपुरती मर्यादित असलेली विद्या सामान्यांच्या खिशात आणून ठेवली. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक त्यानंतर सात वर्षांनी, १९४१ मध्ये, प्रकाशात आले. १९५८ मध्ये जेफ्री कार्लटन यांनी सेंट्रल पार्क आणि ब्रुकलिनमधील प्रॉस्पेक्ट पार्क येथील पक्ष्यांची यादी संकलित केली. तेव्हा या दोन उद्यानांच्या पक्षिजीवनाचा जणू अधिकृत महजरच तयार झाला असे म्हणता येईल.

नोंदीच्या अभावी काय घडते याचे एक उदाहरण येथेच नमूद करणे उचित होईल. १८९० च्या मार्चमध्ये यूजीन शिफेलिन यांनी या उद्यानात सुमारे ६० युरोपीय स्टारलिंग सोडले आणि पुढील वर्षी आणखी ४० सोडले. आपल्याकडील भोरडीचा हा नातलग उत्तर अमेरिकाभर कोट्यवधींच्या संख्येने पसरला. शेक्सपिअरच्या नाटकांत उल्लेखिलेले सर्व पक्षी अमेरिकेत आणण्याचा शिफेलिन यांचा संकल्प होता, अशी कथा दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. परंतु २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की या कथेस समकालीन आधार नाही. ती विसाव्या शतकाच्या मध्यास रचली गेलेली आख्यायिका आहे, आणि स्टारलिंग अमेरिकेत आणण्याचे प्रयत्न शिफेलिन यांच्या आधीही झाले होते. पक्षी कोठे उतरला याची नोंद चोख होती. तो का आणला गेला याची नोंद नव्हती. त्या रिकाम्या जागेत कथा शिरली.

५. १९५५ चा विवाद

या सर्व नोंदींचे सामाजिक मोल १९५५ मध्ये कसास लागले. १९३४ पासून नगराच्या उद्यानविभागाचे आयुक्त असलेले रॉबर्ट मोझेस यांनी रॅम्बलचा एक भाग सपाट करून तेथे वृद्ध नागरिकांसाठी करमणूक केंद्र बांधण्याची योजना मांडली. लास्कर प्रतिष्ठानाने त्यासाठी अडीच लाख डॉलरची देणगी देऊ केली होती. मोझेस यांची सत्ता त्या काळी इतकी दृढ होती की त्यांची योजना नागरिकांच्या विरोधाने मागे घेतली जाणे ही दुर्मीळ गोष्ट होती. तरीही पक्षिनिरीक्षकांनी विरोध केला. स्थलांतरी पक्ष्यांच्या विश्रांतिस्थानांत या लहानशा रानाचे स्थान अनन्यसाधारण आहे, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता, आणि त्याच्या पाठीशी अर्धशतकाहून अधिक काळाचे निरीक्षण होते. इतर उद्यानप्रेमीही त्यांना मिळाले. अखेर देणगी काढून घेण्यात आली आणि योजना सोडून देण्यात आली.

या घटनेचे वर्णन सहसा निसर्गाचा विजय असे केले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र येथे थोडे थांबावे. जे रान वाचले ते ओल्मस्टेड-व्हॉक्स यांनी रचलेले होते, आणि पक्ष्यांसाठी रचलेले नव्हते. ते पक्ष्यांचे झाले हे पक्ष्यांच्या येण्याने जितके खरे, तितकेच त्यांच्या येण्याची कोणीतरी वर्षानुवर्षे नोंद ठेवल्याने खरे. म्हणजे मूळ योजनेशी संबंध नसलेला एक हक्क वहिवाटीने निर्माण झाला होता. याचा प्रत्यय १९८० नंतर पुन्हा आला. त्या वर्षी स्थापन झालेल्या उद्यानसंरक्षक संस्थेने मूळ आराखड्यातील दृश्ये पुन्हा मोकळी करण्यासाठी रॅम्बलमधील झाडे तोडण्यास आरंभ केला, तेव्हा पक्षिनिरीक्षकांनीच हरकत घेतली. एका पक्षापाशी मूळ आराखडा हे प्रमाण होते, दुसऱ्यापाशी वहिवाट.

६. कोणाची वहिवाट?

आता या विवेचनातील अवघड भागाकडे वळणे प्राप्त आहे. १९५५ मध्ये ज्या वृद्धांच्या नावे ही योजना मांडली गेली, त्यांच्या गरजेची अशी कोणतीही दीर्घकालीन नोंद नव्हती. त्यांच्या वतीने आयुक्त बोलत होते. याखेरीज रॅम्बलच्या वहिवाटदारांचा आणखी एक वर्ग होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून हे रान समलिंगी पुरुषांच्या भेटीगाठींचे स्थान होते. त्यांची वहिवाट पक्षिनिरीक्षकांच्या वहिवाटीइतकीच जुनी म्हणता येईल. परंतु त्यांचे आचरण कायद्याने दंडनीय असल्यामुळे नोंद ठेवणे हेच त्यांच्या दृष्टीने संकट होते. न्यू यॉर्कमध्ये हा कायदा न्यायालयाने रद्द ठरविला तो १९८० मध्ये. एका समूहाच्या वह्या संग्रहालयांत जपल्या गेल्या. दुसऱ्या समूहाचा उल्लेख येतो तो बहुधा पोलिसांच्या कागदपत्रांत. दोन वहिवाटींपैकी एकच महजरात चढली, याचे कारण वापराच्या प्रमाणात शोधून सापडणार नाही.

सेनेका व्हिलेजच्या रहिवाशांचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांच्यापाशी याद्या नव्हे, खरेदीखते होती. जनगणनेत त्यांची नावे होती, प्रार्थनामंदिरांत जन्म-विवाहांच्या नोंदी होत्या. पुराव्याच्या दृष्टीने त्यांचा पक्ष १९५५ च्या पक्षिनिरीक्षकांच्या पक्षाहून निश्चितच बळकट होता. तरीही त्यांची जमीन गेली, आणि पक्षिनिरीक्षकांचे रान राहिले. काळ, कायदा आणि प्रयोजन यांत भेद होता हे मान्य केले, तरी एक अनुमान टाळता येत नाही. नोंद ही आपल्या बळावर हक्क निर्माण करीत नाही. नोंद करणाऱ्यास समाज प्रतिष्ठित साक्षीदार मानतो की नाही, यावर तिचे बळ अवलंबून असते. मराठी महजरातही कोणाची साक्ष घ्यावयाची आणि कोणाची नाही हे गोतसभा बसण्यापूर्वीच ठरलेले असे, हे येथे आठवावे.

या अनुमानाची कठोर प्रचीती २५ मे २०२० रोजी आली. ख्रिश्चन कूपर हे कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षक नेहमीप्रमाणे वॉर्बलरांच्या शोधात सकाळी रॅम्बलमध्ये गेले होते. नगरातील ऑड्यूबॉन संस्थेच्या कार्यकारी मंडळाचे ते सदस्य होते. रॅम्बलमध्ये कुत्रे साखळीने बांधलेलेच असावे असा नियम आहे. मोकळ्या कुत्र्यासह आलेल्या एका गौरवर्णीय महिलेस त्यांनी त्या नियमाची आठवण करून दिली, तेव्हा तिने पोलिसांना दूरध्वनी करून एक आफ्रिकी-अमेरिकन पुरुष आपणास धमकावीत असल्याची तक्रार केली. गळ्यातील दुर्बीण, त्या भूमीची अनेक वर्षांची ओळख आणि नियम यांपैकी कशानेही त्यांना त्या क्षणी वहिवाटदाराची प्रतिष्ठा मिळवून दिली नाही. ती मिळवून दिली त्यांच्याच हातातील चित्रमुद्रणाने, म्हणजे एका नोंदीने. त्याच दिवशी मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. आठवड्याच्या आत कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षकांचा सप्ताह साजरा होऊ लागला. पुढे २०२४ मध्ये नगरातील त्या संस्थेनेही आपले नाव बदलले, कारण ज्या जॉन जेम्स ऑड्यूबॉन यांचे नाव ती धारण करीत होती, त्यांनी माणसे गुलाम म्हणून बाळगली व विकली होती.

७. नोंदीची मर्यादा आणि तिची गरज

येथवर नोंदीवर जो संशय व्यक्त केला, त्यामुळे नोंद निरर्थक ठरते असे समजण्याचे कारण नाही. पक्ष्यांच्या याद्यांतील दोष पक्षिविदांना चांगले ठाऊक आहेत. निरीक्षक वाढले की जाती वाढल्यासारख्या दिसतात; सुटीच्या दिवशी पक्षी अधिक ‘येतात’; दुर्मीळ पक्षी आवर्जून लिहिला जातो आणि सामान्य पक्षी गृहीत धरला जातो. म्हणूनच निरीक्षकांची संख्या व निरीक्षणाचे तास यांचा हिशेब धरल्याखेरीज जुन्या व नव्या याद्यांची तुलना केली जात नाही. ही सावधगिरी इतिहासकारानेही शिकण्यासारखी आहे. एखाद्या शतकाची कागदपत्रे विपुल आहेत यावरून त्या शतकात घटना अधिक घडल्या असे आपण म्हणत नाही. कागद एकवटण्याचीही कारणे असतात, जशी रॅम्बलमध्ये पक्षी एकवटण्याची असतात.

या दोषांसह याद्यांनी जे सिद्ध केले ते अन्य कोणत्याही साधनाने सिद्ध झाले नसते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दीर्घकालीन गणनांच्या आधारे आणि हवामानाच्या रडारची जोड देऊन असे दाखविले की, १९७० नंतर उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांची संख्या सुमारे २९० कोटींनी, म्हणजे २९ टक्क्यांनी घटली. नाताळातील हौशी निरीक्षकांची मोजदाद हीही त्या आधारांपैकी एक होती. न्यू यॉर्कमध्ये काचेच्या इमारतींवर आदळून दरवर्षी ९०,००० ते २,३०,००० पक्षी मरतात, हा अंदाज १९९७ पासून स्वयंसेवकांनी पहाटे पदपथांवरील मृत पक्षी वेचून ठेवलेल्या नोंदींवर उभा आहे. त्याच्याच पाठबळावर नव्या इमारतींच्या खालच्या ७५ फुटांत पक्ष्यांना दिसेल अशीच काच वापरावी असा नगराचा कायदा २०२० मध्ये झाला. चॅपमनने १८८६ मध्ये टोप्यांवरील मेलेले पक्षी मोजले, आणि त्याच बेटावर शतकानंतर माणसे पदपथावरील मेलेले पक्षी मोजीत आहेत. दोन्ही मोजण्यांतून कायदा निघाला.

या इतिहासातून आपल्या अभ्यासकांनी घेण्यासारखा बोध मर्यादित पण व्यवहार्य आहे. मुंबई, पुणे, नागपूर येथील टेकड्या, नदीकाठ आणि जुनी उद्याने यांवर ज्यांची वहिवाट आहे त्यांत पक्षिनिरीक्षक आहेत, तसे पहाटे फिरावयास येणारे वृद्ध, लाकूडफाटा वेचणाऱ्या स्त्रिया, गुराखी आणि निवारा नसलेली माणसेही आहेत. उद्या त्या जागांविषयी वाद उभा राहील तेव्हा ज्यांच्या वह्या असतील त्यांचे म्हणणे ऐकले जाईल. पक्ष्यांची यादी ठेवणे हे सत्कार्य आहे, आणि ते अधिक काटेकोरपणे व्हावे. परंतु त्याच पाऊलवाटेवर भेटणाऱ्या माणसांचीही नोंद त्यांच्या संमतीने व त्यांच्या शब्दांत घेतली जाईल, तरच तयार होणारा महजर पुरा म्हणता येईल. ब्लॅकपोल वॉर्बलर आपला हक्क सांगावयास येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांच्या वतीने बोलण्यापूर्वी त्यांची साक्ष घेणे शक्य असते, आणि ती घेणे हे इतिहासकाराचे कर्तव्य होय.